घनसाळचा सुवास आणि शेतकऱ्याचा हिशेब

आजऱ्याचा घनसाळ चुलीवर शिजू लागला की शेजारच्या घरी वेगळी वर्दी द्यावी लागत नाही. या सुवासात तेथील माती, पाऊस व हवा यांचा वाटा आहेच. परंतु सुवासाचे मूळ बियाण्यात असते. दोन भातांमधील हा भेद प्रत्यक्षात किती सूक्ष्म असतो, हे पाहण्यासारखे आहे.

भाताच्या आनुवंशिक संहितेत सुमारे ३९ कोटी अक्षरे आहेत. तिचे वाचन २००५ साली प्रसिद्ध झाले. बासमतीसह अनेक सुवासिक वाणांत एका जनुकातील अवघी आठ अक्षरे गळालेली आढळतात. परिणामी एक विकर निकामी होते आणि एरवी ज्या द्रव्याचा त्याने निकाल लावला असता, ते साठून त्यापासून सुगंध निर्माण होतो. म्हणजे जातिवंत भाताचे हे वैभव काही मिळाल्याने नव्हे, काही हरपल्याने आले आहे!

सुवास ही चैन मानली, तरी पुराचे काय? ओडिशातील एका देशी भातातून निवडलेल्या 'एफआर १३ ए' या वाणात पाण्याखाली तग धरण्याचा गुण होता. त्यामागील जनुक २००६ साली ओळखले गेले. संकराने तो गुण घेतलेला 'स्वर्णा-सब १' २००९ साली भारतात प्रसारित झाला. सुमारे दोन आठवडे बुडूनही तो पुन्हा वाढीस लागतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना या गुणाचे मोल सांगावयास नको. मात्र तो देशी भात कोणी पिढ्यान्पिढ्या पेरलाच नसता, तर शास्त्रज्ञांनी जनुक शोधले कोठे असते?

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. देशी वाणाचा उतारा सुधारित वाणांहून कमी. तो जपण्याचा लाभ साऱ्या समाजाला, तोटा मात्र एकट्या शेतकऱ्याला. अशा व्यवहारात वाण टिकत नाहीत. सरकारी पेढीच्या शीतगृहात बी ठेवले की काम भागले, असे काहीजण म्हणतात. परंतु शीतगृहातील बी सुरक्षित असले, तरी बदलत्या पावसाशी आणि नव्या किडीशी त्याची गाठ पडत नाही. ती शेतातच पडते.

आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, दराची हमी देत नाही. पिशवीवर घनसाळ आणि आत भेसळ असेल, तर खऱ्या उत्पादकाचा भाव बुडतो. म्हणून बियाण्याची शुद्धता तपासणारी आणि रास्त दराने खरेदी करणारी यंत्रणा हवी. उसासाठी आणि दुधासाठी सहकाराचे जाळे विणणाऱ्या या जिल्ह्याला ते अशक्य नाही. वाण जपणाऱ्यांना गौरवाची तरतूद २००१ च्या कायद्यात आहे. पण गौरवपत्रावर घर चालत नाही. शेतकऱ्याच्या हिशेबात घनसाळ बसला, तरच तो शिवारात राहील.