चौकटीत चौकट, तिच्यात चौकट

तक्त्याशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या डिंगोऱ्याच्या जमिनीचा सातबाराच घ्या ना. गट क्रमांक, भोगवटादार, आकार, पोटखराबा, पीक. प्रत्येक रकान्याला अर्थ आहे. भोगवटादाराच्या रकान्यात चुकून बाजरी शिरली तर भावकीत डोकी फुटतील!

माझं भांडण आहे ते संगणकावरचं पान नुसतं सजवण्यासाठी तक्ता वापरणाऱ्यांशी. डावीकडे यादी हवी? आखा तक्ता. यादीभोवती जागा हवी? तक्त्याच्या घरात दुसरा तक्ता, त्याच्या घरात तिसरा. भिंतीला टेकू म्हणून न दिसणारं चित्र! 1996 च्या सुमारास दुसरं साधनच धड नव्हतं, तेव्हाचा नाइलाज मी समजू शकतो. पण निव्वळ मांडणीसाठी तक्ते वापरू नका, असं एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत 1997 सालीच लिहून ठेवलंय. सीएसएस तर त्याच्या आदल्या वर्षीच आलं होतं आणि 2017 पासून त्यातली ‘ग्रिड’ प्रमुख ब्राउझरांत चालते. तरी मंडळी भिंतीत भिंत बांधताहेतच.

“दिसतंय ना नीट? मग बिघडलं काय?” असं एका तरुण कारागिराने मला विचारलं. अहो, पण दिसतंय कुणाला?

डिंगोऱ्याला आमचे मामा राहतात. निवृत्त शिक्षक. दृष्टी गेली, चिकित्सा शाबूत. संगणक त्यांना पान वाचून दाखवतो. एका कार्यालयाचा अर्ज त्यांनी उघडला. त्यात एका मोठ्या तक्त्याची दोन घरं, डाव्या घरातल्या तक्त्यात सगळी नावं आणि उजव्यातल्या तक्त्यात सगळ्या रिकाम्या जागा. डोळसाला सगळं समोरासमोर दिसतं. पण यंत्र एक घर संपवल्याशिवाय दुसऱ्यात पाऊल टाकत नाही. ते म्हणालं, “नाव. गाव. तालुका. गट क्रमांक.” आणि मग, “रिकामी जागा. रिकामी जागा. रिकामी जागा. रिकामी जागा.”

“अरे, हा अर्ज आहे की शोकसभा?” मामा म्हणाले.

आणि मोबाइलवर? ठराविक रुंदीचे हे तक्ते घडी घालायला तयार नसतात. पान बोटाने डावी-उजवीकडे ओढत बसा, रहाटासारखं.

ई-पत्रं मांडणाऱ्यांना मात्र मी सोडून देतो. विंडोजवरच्या आउटलुकने 2007 साली पत्रं दाखवायला वर्डचं यंत्र जुंपलं, त्याला नव्या मांडणीतलं बरंचसं उमगत नाही. पण निदान त्या तक्त्यावर ‘हा केवळ शोभेचा’ असा शेरा कोडात मारा. तशी सोय आहे, फुकट आहे, आणि वाचणारं यंत्र मग तक्त्याचा उच्चार करत नाही.

त्या कार्यालयाला मी हे सगळं सविस्तर कळवलं. उत्तर आलं, तेही तक्त्यात. तक्रारीचा विषय, दिनांक, केलेली कार्यवाही. शेवटचा रकाना रिकामा होता.