तीनचा गजर

कुत्र्याचं पिल्लू जन्मल्यावर साधारण तीन आठवडे स्वतःहून शूसुद्धा करू शकत नाही. आई त्याला पोटाखाली चाटते तेव्हाच ते मोकळं होतं, आणि जागा कोरडी राहावी म्हणून ती सगळं चाटून साफही करते. पाय जरा सावरले की पिल्लं आपणहून झोपायच्या जागेपासून थोडी लांब जाऊन शू करायला लागतात. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू आपल्या घरी येतं, तेव्हा हे काम स्वतःचं स्वतः करायला लागून त्याला जेमतेम महिना झालेला असतो. आणि आपण धरून चालतो की पहिल्याच आठवड्यात त्यानं रात्री अकरा ते सकाळी सहा कळ काढावी.

हे सांगायचं कारण, ओल्या फरशीपायी पिल्लं मार खातात. त्यांचं नाक शूत घासलं जातं, त्यांना बाल्कनीत बांधलं जातं, मोरीत कोंडलं जातं. मघाशी केलेली शू आणि आत्ता बसलेला फटका यांचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. माणसाच्या देखत शू करणं धोक्याचं, एवढंच ते शिकतं. मग ते सोफ्यामागं जाऊन करतं, आणि खाली नेऊन अर्धा तास फिरवलं तरी तुमच्यासमोर करत नाही. ‘मुद्दाम घरी येऊन करतो’ अशी तक्रार मी ज्या ज्या घरात ऐकली, तिथं आधी मारझोड झालेली होती.

पिल्लू जागेपणी किती वेळ धरू शकतं याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे जितके महिने तितके तास, फार तर एखादा जास्त. झोपेत लघवी कमी तयार होते, म्हणून रात्री ही मुदत लांबते. बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान रात्रभर कोरडी राहू लागतात. अगदी लहान चणीच्या जातींना कधीकधी आणखी वेळ लागतो. तोपर्यंत रात्री एकदा त्याच्यासाठी उठणं हे घरातल्या माणसाचंच काम आहे.

रात्रीचं बरंचसं मात्र संध्याकाळीच ठरतं. आमच्या इमारतीत एका घरी लॅब्रेडॉरचं पिल्लू आलं. घरातली जेवणं साडेनऊला, त्यानंतर पिल्लाला वाडगाभर दूध-पोळी. हे आपल्याकडचं अगदी घरोघरचं, प्रेमानं दिलेलं जेवण. पण दूध-पोळी म्हणजे झोपायच्या वेळी पोटात भरलेलं पाणीच. शिवाय दुधातली साखर बऱ्याच कुत्र्यांना नीट पचत नाही, पोट ढिलं होतं. त्या घरातल्या वहिनी रात्री दोनदा फरशी पुसत होत्या आणि पिल्लाला जंत झालेत का, या काळजीत होत्या. दूध बंद केलं, शेवटचं जेवण सातला आणलं, आणि झोपण्याआधी अकराला खाली नेणं ठरवून घेतलं. रात्रीची शी आधी थांबली, शूला थोडा वेळ लागला.

‘संध्याकाळपासून पाणीच देऊ नका’ हा सल्ला मला मान्य नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडं रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. तिथं पिल्लाचं पाणी तोडणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. दिवसभर त्याला पोटभर पिऊ द्यावं, म्हणजे रात्री ते अधाशासारखं पीत नाही. दहा वाजता मुलं चेंडू घेऊन त्याला दमवतात, ते नऊच्या आत उरकावं. दमलेलं पिल्लू भांडंभर पाणी पितं आणि दोन तासांत उठतं.

आता गजर. पिल्लू रडायला लागायच्या आधी आपण उठायचं, समजा तीनला. रडल्यावरच उचललं तर रडण्याची सवय लागते. त्याला उचलूनच न्यायचं, कारण चालवत नेलं की ते लिफ्टपाशीच बसतं. मोठे दिवे नकोत, गप्पा नकोत, खेळ तर नकोच. रोजच्याच जागी उभं राहायचं, झालं की हळू आवाजात शाबासकी द्यायची आणि परत अंथरुणावर. चार-पाच रात्री नीट गेल्या की गजर पंधरा मिनिटं पुढं ढकलायचा. असं करत तो सहापर्यंत जातो. लसीकरण पूर्ण नसेल तर रस्त्यावर खाली ठेवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. तोवर गच्चीचा कोपरा किंवा ट्रेमध्ये घरच्या कुंडीतली माती बरी.

आणि त्याला जवळ झोपवा. भावंडांच्या उबेतून उचललेलं पिल्लू बंद दाराआड रडतं ते भीतीनं. पलंगाशेजारी एक खोका, वळून बसता येईल एवढाच. फार मोठा असला तर एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. फरशी नुसत्या फिनाईलनं पुसून भागत नाही. आपल्याला वास येईनासा झाला तरी त्याला येतो, आणि ते पुन्हा तिथंच जातं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरावं.

काही पिल्लं आपल्याच घाणीत झोपतात. त्यांच्यात बरीचशी पिंजऱ्यात वाढलेली असतात. लांब जायला जागाच नव्हती, म्हणून ती मूळ सवय मोडलेली असते. त्यांना महिने लागतात. पिल्लू घेताना वयाकडंही लक्ष द्यावं, कारण आपल्याकडं ‘चाळीस दिवसांचं पिल्लू’ सर्रास विकलं जातं. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकणाऱ्याला वय विचारा आणि कमी असेल तर घेऊ नका.

महिनाभर कोरडं राहिलेलं पिल्लू पुन्हा रात्री ओलं करू लागलं, वारंवार थेंब-थेंब शू करत असेल, शूत रक्त दिसलं किंवा झोपेत अंथरूण सतत भिजत असेल, तर ते शिकवण्याचं काम राहिलेलं नाही. स्वच्छ बाटलीत सकाळची पहिली लघवी घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडं जा. मूत्रमार्गाचा संसर्ग, विशेषतः मादी पिल्लांत, नेहमी आढळतो आणि औषधानं बरा होतो.

रात्रीच्या या त्रासाला कंटाळून पिल्लू परत द्यायचं किंवा सोडून द्यायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. आधी जेवणाची वेळ बदला, रात्री एकदा उठा आणि त्याला चार आठवडे द्या.