दोनशे एकोणसत्तर फुटांचं घर

२०२५ च्या दिवाळीत आमची लेक पुण्याहून आली ती नेहमीसारखीच, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून, सकाळी सातला पुसद नाक्यावर उतरली. पिशवीत आईसाठी साडी, भावासाठी शर्ट आणि माझ्यासाठी एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका. पुस्तिकेवर उंच इमारत, इमारतीपुढे पोहण्याचा तलाव, तलावाकाठी हसणारं एक जोडपं. फराळाची ताटं उचलल्यावर तिनं ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मला घर घ्यायचंय. वन आरके. नाही म्हणायच्या आधी बघून घ्या."

वन आरके म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. हल्ली त्यालाच 'स्टुडिओ अपार्टमेंट' म्हणतात. नाव बदललं की फुटाला भाव वाढतो, एवढाच त्यातला फरक असावा असा माझा संशय आहे. मी चौतीस वर्षं वाशीम जिल्ह्यातल्या शाळांतून गणित शिकवलं. लाखाळ्यात आमचं चार खोल्यांचं घर आहे, पुढे कडुलिंब, मागे विहीर. अशा माणसाला तलावकाठच्या जोडप्यापेक्षा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचा बारीक टाईप आधी दिसतो. लेक एकोणतीस वर्षांची, अविवाहित, सहा वर्षं पुण्यात नोकरीला. तिच्या प्रश्नानं आमच्या घरात दोन महिने जे मंथन झालं, ते आज अनेक घरांत चालू असेल म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या भागात घर म्हटलं की आधी जमीन आठवते. 'प्लॉट घेतला का?' असं विचारतात, 'घर घेतलं का?' असं नाही. लेकीनं कागद दाखवले तेव्हा माझे थोरले भाऊ, जे अजून रिसोडकडच्या आमच्या गावी शेती पाहतात, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सातबाऱ्याचा. फ्लॅटला सातबारा नसतो, नोंदणी झाली की 'इंडेक्स टू' मिळतो आणि जमीन पुढे खरेदीखताने सोसायटीच्या नावावर व्हावी लागते, हे त्यांना पटवताना मला घाम फुटला. त्यांचं म्हणणं मात्र अगदीच भाबडं नव्हतं. १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यानं जमीन सोसायटीला देण्याचं बंधन बिल्डरवर घातलं. तरी वर्षानुवर्षं ती न देणारे इतके निघाले की सरकारला 'मानीव अभिहस्तांतरण' नावाची तरतूद नंतर करावी लागली. म्हणजे माणूस तिसऱ्या मजल्यावर मालक म्हणून राहतो आणि पायाखालची माती दुसऱ्याच्या नावावर असते. भावाला हे सांगितलं आणि माझीच बाजू लंगडी झाली.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला गेलो. पुनावळ्याला, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, ती इमारत उभी राहत होती. तिथल्या टायवाल्या पोरानं आम्हाला सरबत दिलं आणि 'चारशे वीस स्क्वेअर फूट' असं सांगितलं. आकडा ऐकून मला हसू आलं. त्याला का ते कळलं नाही. कागदावर कार्पेट एरिया होता २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. बाकीचे दीडशे फूट कुठे गेले? जिन्यात, लिफ्टमध्ये, त्या पोहण्याच्या तलावात. पूर्वी बिल्टअप आणि सुपर बिल्टअपच्या या धुक्यात माणूस हरवूनच जायचा. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झालं आणि निदान आत वापरता येणारी जागा किती हे कागदावर लिहिणं बिल्डरला भाग पडलं. तोंडानं काय सांगायचं यावर मात्र अजून कायदा निघालेला नाही.

मग नमुन्याची खोली दाखवली. छान होती. दिवे, आरसे, भिंतीवर चित्र. मी खिशातून टेप काढला. पोरगी लाजली, पण मी बधलो नाही. पलंग मोजला तर साडेपाच फूट लांब! आमची लेकच पाच फूट चार इंचांची, मी पाच फूट नऊ. खोलीला आतली दारं लावलेली नव्हती, कारण दार उघडायला जागा लागते आणि ती दिसली की खोली लहान दिसते. हे सगळं खोटं नव्हे, पण खरंही नव्हे. नमुन्याची खोली बघायला जाणाऱ्या प्रत्येकानं टेप न्यावा, एवढा सल्ला मी कोणालाही फुकट देईन.

आता हिशेब. किंमत २८ लाख. मुद्रांक शुल्क त्या हद्दीत सात टक्के, स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, म्हणजे सहा टक्क्यांनी १ लाख ६८ हजार. नोंदणी फी २८ हजार. इमारत अपुरी असल्यानं एक टक्का जीएसटी, आणखी २८ हजार. (पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर हा कर लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.) म्हणजे वरचा खर्चच सव्वादोन लाखांच्या घरात. लेकीची बचत सहा लाख. कर्ज २२ लाख, मुदत वीस वर्षं. दर बदलता असतो म्हणून व्याज थोडं जास्त, साडेआठ टक्के धरलं. हप्ता आला १९ हजार ९२ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात १५ हजार ५८३ रुपये नुसतं व्याज. पाच वर्षांत साडेअकरा लाख रुपये भरल्यावर मुद्दल कमी होतं ते जेमतेम २ लाख ६१ हजारांनी. मी फळ्यावर आयुष्यभर चक्रवाढ व्याज शिकवलं, पण हा आकडा स्वतःच्या मुलीच्या नावापुढे मांडताना खडू थांबतो.

माझ्या भावानं त्याच हप्त्याचा वेगळा हिशेब केला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. एका हप्त्याला साडेतीन क्विंटलच्या वर सोयाबीन लागतं, वर्षाच्या हप्त्यांना त्रेचाळीस. आमचं वावर सहा एकर आणि एकरी उतारा सात क्विंटलचा. म्हणजे सहा एकरांचं सगळं सोयाबीन, बी-खत-मजुरी फुकट धरून, हमीभाव खरोखर हाती पडला असं मानून, तरीही एका खोलीचे बारा हप्ते भरत नाही! हे ऐकून आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प बसलो.

माझ्या मनात तेव्हा एक विचार आला, तो आज कबूल करतो. दोन एकर विकावे आणि कर्जच घेऊ नये. आमच्या भागात कर्ज या शब्दाला एक काळी सावली आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वाशीम होता; ते कशामुळे जाहीर करावं लागलं हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. पगारदार माणसाचं गृहकर्ज आणि कोरडवाहू शेतकऱ्याचं पीककर्ज यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे डोक्याला कळतं. पोटात गोळा उठतो तो उठतोच. मी भावाजवळ विषय काढला. ते म्हणाले, "वावर इकून खुराडं घेऊन राह्यला काय रे?" आणि चहा न घेता उठून गेले.

लेकीला कळलं तेव्हा ती भावापेक्षा जास्त चिडली. "वावर विकायचं नाही बाबा. मी विकायला सांगितलं का?" वास्तविक ते वावर वडिलोपार्जित. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. आमच्याकडे तो कागदावर असतो आणि रक्षाबंधनाच्या ओवाळणीत फेडला जातो. तिनं वाटा मागितला नाही हा तिचा मोठेपणा झाला. ती मागत नाही म्हणून तो नाहीच, असं आपण बापांनी आणि भावांनी समजणं ही लबाडी आहे.

नातेवाइकांचं मत एकच. 'आधी लग्न करा, फ्लॅट जावई बघेल.' माझे मेहुणे तर म्हणाले, मुलीच्या नावावर घर आणि कर्ज असलं की स्थळं बिचकतात. बिचकणारी स्थळं आधीच गळून पडली तर बरंच, असं आमच्या सौ.नी त्यांना ऐकवलं. मी ते त्या वेळी हसण्यावारी नेलं.

गणित म्हणत होतं, भाड्यानं राहा. तशीच खोली दहा हजार भाड्यानं मिळते, मग एकोणीस हजार हप्ता आणि वर दीड हजार मेंटेनन्स कशाला? वरचा फरक दर महिन्याला बाजूला टाकला तर पाच वर्षांत व्याज सोडून सव्वासहा लाखांवर जमतात. मी हे सगळं रकाने पाडून लिहिलं आणि तिला दिलं. तिनं वाचलं. मग म्हणाली, "बाबा, सहा वर्षांत मी पाच जागा बदलल्या. तुमच्या रकान्यात ते कुठं आहे?"

मग जे ती इतकी वर्षं आईलाही नीट बोलली नव्हती, ते बोलली. अकरा महिन्यांचा करार. अकरावा महिना लागला की मालक भाडं वाढवणार किंवा 'आमचा मुलगा येतोय' म्हणणार. एकट्या मुलीला खोली देताना आधी दहा प्रश्न. रात्री दहाच्या आत यायचं, ऑफिसची पाळी काहीही असो. एका जागी खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती. तिनं स्वतःच्या पैशांनी बसवली तर मालकीणबाईंनी ती काढायला लावली. मला आठवलं, तीन वर्षांपूर्वी मी डोळे दाखवायला पुण्याला गेलो होतो. पुरुष पाहुणा चालत नाही म्हणून मी, तिचा सख्खा बाप, स्टेशनजवळच्या लॉजवर झोपलो. तेव्हा मी लॉजच्या ढेकणांवर चिडलो होतो. तिच्यावर काय गुजरत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लहान जागेचं मला वावडं नाही. माझे मामा मुंबई पोलिसात होते, नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथं सहा माणसं होती आणि सुट्टीत सातवा मी. पण खोली एवढीशी असली तरी दाराबाहेर सामाईक जागा होती. भांडणं, अभ्यास, वाटाण्याच्या शेंगा सोलणं, सगळं तिथं व्हायचं. मामी आजारी पडल्या तेव्हा शेजारच्या खोलीतून डबा आला, कोणी सांगितलं नव्हतं. (वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्याचं वाचलं तेव्हा मामींची फार आठवण झाली.) आजच्या वन आरकेला ती दाराबाहेरची जागा नाही. दार लावलं की माणूस एकटा. माझा खरा आक्षेप तिथं आहे, २६९ या आकड्याला नाही.

आपल्या जिल्ह्यात हल्ली दुसरीही एक हवा आहे. समृद्धी महामार्गात जमीन गेली, मोबदला मिळाला, आणि 'पुण्यात एक वन आरके टाकून ठेवू, भाडं येत राहील' असं म्हणणारी मंडळी मला दर लग्नात भेटतात. त्यांना माझं स्पष्ट मत सांगतो. गुंतवणूक म्हणून हा व्यवहार करू नका. सव्वातीस लाख गुंतवून वर्षाला १ लाख २० हजार भाडं, त्यातून मेंटेनन्स गेला की साडेतीन टक्केसुद्धा उरत नाहीत. एवढं बँकेची ठेवही देते, आणि ठेवीचा नळ गळत नाही. शिवाय एका खोलीचं गिऱ्हाईक मर्यादित. दोघांचे तीन झाले की माणूस मोठं घर शोधतो, आणि विकायला काढाल तेव्हा समोरच्या इमारतीत नव्या खोल्या तयार असतात.

जिला तिथं स्वतः राहायचंय आणि आणखी सात-आठ वर्षं राहण्याचा संभव आहे, तिची गोष्ट निराळी. तिला हप्त्यात व्याजाबरोबर आतली कडी मिळते. तिची किंमत किती धरायची हे बापानं रकान्यात लिहू नये, तिला विचारावं. मात्र घर तयार असावं. अर्धवट इमारतीचा हप्ता आणि चालू खोलीचं भाडं असं दुहेरी जू एका पगारावर ठेवू नये. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हे रेरा कायद्यात लिहिलेलं आहे. 'आज टोकन दिलं तरच हा भाव' असं कोणी म्हणालं तर त्याच्या हातचं सरबत पिऊन उठून यावं. आम्ही उठून आलो. नंतर पंधरा दिवस त्या पोराचे फोन येत होते आणि भाव दर फोनला थोडा उतरत होता.

जानेवारीत लेकीनं चिंचवडला एक जुनी खोली पाहिली. बारा वर्षांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तलाव तर नाहीच. पण सोसायटी नोंदलेली, जमिनीचं खरेदीखत झालेलं, आणि खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका एकट्या राहतात, त्यांनी पहिल्याच भेटीत हिला चहा पाजला. किंमत २७ लाख. कर्ज ती स्वतःच्या पगारावर काढणार. मी माझ्या ग्रॅच्युइटीच्या ठेवीतले तीन लाख देतो म्हणालो, आणि धाकट्याला काय वाटेल म्हणून त्याच्याकडे पाहिलं. त्याचं इथं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, "मला दुकानाला पाच दिले तेव्हा ताईला कुठं विचारलं होतं?"

थोरल्या भावांना अजून पूर्ण पटलेलं नाही. खरेदीखताची प्रत पाहिल्यावर एवढंच म्हणाले, "नाव कोणाचं टाकता?" मी म्हटलं, तिचं एकटीचं. त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

नोंदणीची तारीख अजून ठरायची आहे. माझा टेप लेक जाताना घेऊन गेली होती. परवा रात्री तिचा फोन आला. सगळं मोजून झालं म्हणाली. खिडकीखाली माझी खाट बसते, पण ती टाकली की फ्रिजचं दार अर्धंच उघडतं. दूध काढण्यापुरतं पुरे आहे का, असं विचारत होती.