वायर गेली, बॅटऱ्या आल्या

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे वायरचा हेडफोन नेला, तर पिनेजवळ तुटलेली तार सोलून, डाग देऊन तो पुन्हा वाजू शकतो.

इअरबड्सचं तसं नाही. दोन बड्स आणि डबी मिळून तीन लिथियम-आयन बॅटऱ्या. दोन-तीन वर्षांत त्यांचा दम संपतो. बड बहुधा चिकटवून बंद केलेला, उघडायला जावं तर तोच फुटतो.

मग असे बड्स ई-कचऱ्यात जातात. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाली जेमतेम २२.३ टक्क्यांवर. भारतात त्याच वर्षीच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. युरोपात फेब्रुवारी २०२७पासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला बदलता यावी लागेल.

बंद पडलेले बड्स घंटागाडीत टाकू नयेत: दबलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.