सह्यांचे बळ, पुराव्याचे बळ

सह्या वाढल्या म्हणजे संसदेचे मन वळते, हा समज ब्रिटनच्या अनुभवाला उतरत नाही. तेथे ऑनलाइन याचिकेवर १०,००० सह्या झाल्या की सरकार उत्तर देते. १,००,००० झाल्या की याचिका समिती ती चर्चेसाठी विचारात घेते. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया रद्द करावी, या २०१९ मधील याचिकेवर ६० लाखांहून अधिक सह्या झाल्या. १ एप्रिलला चर्चाही झाली; परंतु ती वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, जेथे सरकारला बांधील ठरेल असे मतदान होत नाही. सरकार हलले नाही आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले.

याउलट, साखरयुक्त पेयांवर कर बसवावा, अशी मागणी करणाऱ्या २०१५ च्या याचिकेवर सुमारे दीड लाखच सह्या होत्या. मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पात या कराची घोषणा झाली. एप्रिल २०१८ पासून तो लागूही झाला. हे श्रेय एकट्या सह्यांचे नव्हे. संसदेच्या आरोग्य समितीनेही पुराव्यानिशी तीच शिफारस केली होती, आणि सरकारची भूमिका अद्याप गोठलेली नव्हती.

१८४२ मध्ये चार्टिस्टांची ३० लाखांवर सह्यांची याचिका कॉमन्सने ऐकून घेण्यासही नकार दिला होता. आज ऐकले जाते, ही प्रगती खरीच. परंतु ऐकणे म्हणजे मानणे नव्हे. सह्या दार उघडतात; आत युक्तिवाद करायला पुरावा आणि लोकप्रतिनिधीच लागतात. केवळ चर्चेचे समाधान देऊन नागरिकांची बोळवण होत राहिली, तर उद्या सही करणारा हातच आखडेल.