मोहल्ल्यातला फास्टर फेणे कुठे आहे?

जालना जिल्ह्यातल्या आमच्या मोहल्ल्यांत किशोरवयीन मुलांच्या रहस्यकादंबऱ्यांविषयी तीन मते ऐकू येतात. घरातले मोठे म्हणतात, हे फुजूल वाचन आहे, यापेक्षा अभ्यास करा. मास्तर म्हणतात, हे साहित्यच नव्हे. तिसरे मत खुद्द मुलांचे, आणि ते कुणी विचारत नाही. पहिली दोन मते आम्हाला मान्य नाहीत. तिसरे मत मात्र आम्हा लिहिणाऱ्यांनाच जाब विचारते.

आधी मोठ्यांचे पाहू. जालना 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तालीम उर्दूतून होती. त्या उर्दूत 1952 साली अलाहाबादेहून इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' ही मालिका सुरू झाली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांनी एका पिढीला झपाटून टाकले. उर्दूत बाजारू, अश्लील पुस्तकेच खपतात, या समजाला उत्तर म्हणून इब्ने सफी यांनी ही वाट धरली होती. ती पुस्तके चोरून वाचणारेच आज अब्बा आणि दादा झाले आहेत. त्यांचे त्याने काही बिघडले नाही. उलट त्यांची उर्दू सुधारली. मग नातवाच्या हातातल्या मराठी रहस्यकथेचीच भीती का?

आता मास्तरांचे. भा. रा. भागवत (1910–2001) यांनी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मराठीला दिला. सायकलवरून सुसाट धावणारा हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. मोठ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसते. 2017 साली तो मोठा होऊन पडद्यावरही आला आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लागला. जे पात्र मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ते साहित्य नव्हे तर काय? मूल वाढते म्हणजे काय होते? मोठे सांगतात ते सगळेच खरे नसते, हे त्याला कळू लागते. रहस्यकथा हेच शिकवते. म्हणूनच ती चौदाव्या वर्षी जवळची वाटते.

आणि मुलांचे मत? मराठी शाळेत जाणारी आमची मुले-मुली फेणे आवडीने वाचतात आणि शेवटी साधा प्रश्न विचारतात, यात आपल्यातला कुणी का नाही? घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणारा, जुम्म्याला टोपी घालून निघणारा आणि संध्याकाळी क्रिकेट खेळणारा पोरगा मराठी किशोर वाङ्मयाला नायक म्हणून फारसा सुचलाच नाही. शोध घेणारी सलमा किंवा रुखसाना तर दूरच.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. 27 ऑगस्ट 2004 रोजी, शुक्रवारी, जालन्याच्या कादरिया मशिदीत बॉम्ब फुटला. नमाजी जखमी झाले. 2006 साली मालेगावात स्फोट झाले, माणसे मेली आणि पकडले गेले ते मुस्लिम तरुणच. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केले, पण तोवर जवानीची वर्षे गेली होती. शक म्हणजे काय, हे आमच्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते घराबाहेर पडले की कळते. शक आणि पुरावा यांतला फरक मात्र शिकावा लागतो. चांगली रहस्यकथा तोच शिकवते. ज्याच्यावर सगळ्यांची नजर, तो बहुधा गुन्हेगार नसतो. दाढीवरून नव्हे, पुराव्यावरून गुन्हेगार ठरतो. हा धडा आमच्या मुलांइतकाच त्यांच्या बाकावरच्या हिंदू मित्रालाही हवा आहे.

मग हे लिहायचे कुणी? 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आम्ही कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, दंगल लिहिली, तलाक लिहिला. ते लिहिणे गरजेचेच होते. पण आमच्याच घरातल्या चौदा वर्षांच्या वाचकाला आम्ही काय दिले? दुसऱ्यांनी आम्हाला वगळले, ही तक्रार खरी आहे. आम्हीही आमच्या मुलांना वगळले, हेही तितकेच खरे आहे.

'जालना सोने का पालना' म्हणतात. या पाळण्यात गोष्टींना काय तोटा? काळी मशीद आहे, मोती तलाव आहे, मस्तगड आहे. 1803 च्या लढाईचे असई गाव याच जिल्ह्यात आहे. मोंढा आहे, बियाण्यांचा बाजार आहे. पेरले ते उगवलेच नाही, तर पिशवीत काय होते, याचा शोध एखादी शेतमजुराची मुलगी घेऊ शकत नाही काय? लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बापावर चोरीचा आळ आला, तर त्याचा पोरगा खरा चोर शोधणार नाही काय?

लिहिणाऱ्यांनो, पुढच्या वर्षी एक कविता कमी लिहा आणि ही गोष्ट लिहा. आई-बापांनो, ती मुलांच्या हातातून काढून घेऊ नका. जमल्यास आधी तुम्हीच वाचा. इब्ने सफी वाचताना तुम्ही तरी कुणाची इजाजत घेतली होती?