भंगाराच्या काट्यावर नेण्याआधी एकदा हेड उघडा

पैठणच्या मोसंबीपट्ट्यात, फुलंब्री-खुलताबादच्या आल्याच्या शिवारात, कन्नडच्या बाजूला, कुठेही फिरा. गोठ्याच्या कडेला नाहीतर बाभळीखाली एखादा जुना छोटा ट्रॅक्टर उभा दिसतो. चाकांतली हवा गेलेली. सायलेन्सरवर डबा पालथा घालायचा राहून गेला, म्हणून पावसाचं पाणी थेट इंजिनात उतरलेलं. बाजूच्या गवतात कल्टिव्हेटर पडलेला, त्याचा एक फण गायब. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "पार्ट मिळत नाही अन् मिस्त्री राहिला नाही."

मग एक दिवस भंगारवाल्याचा टेम्पो येतो. ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर, रोटा, पलटी नांगर, सगळं किलोच्या भावानं जातं.

मंडळी, हे थांबवायला हवं. आणि ते आपल्याला थांबवता येतं, कारण यातले कितीतरी ट्रॅक्टर मेलेले नाहीत. नुसते बंद पडलेत.

आठवून बघा कोणकोणती यंत्रं आपल्या शिवारात राबली. एका सिलिंडरचा आयशर. त्या कंपनीचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरीदाबादला तयार झाला. महिंद्राचा बी-२७५. एचएमटीचा २५११, झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीचा, पंचवीस एचपीचा. स्वराजचा ७२४, १९७४ मध्ये आलेला, दुर्गापूरच्या आपल्याच संशोधन संस्थेतल्या आराखड्यावर बनलेला. त्यानंतर बागांसाठी आलेला अठरा एचपीचा मित्सुबिशी शक्ती, आणि जोडीला पॉवर टिलर. यातल्या एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. पण कारखाना बंद झाला म्हणून शेतातला ट्रॅक्टर बंद पडायचं काही कारण नाही.

कुणी म्हणेल, जुनं जाऊ द्या, नवीन घ्या. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. म्हणजे सव्वातीन एकर. एवढ्या रानासाठी पन्नास एचपीचा ट्रॅक्टर घ्यायचा, आणि पाऊस दगा देणाऱ्या आपल्या मुलखात वर्षानुवर्षं बँकेचा हप्ता भरायचा? मोसंबीची लागवड सहा बाय सहा मीटरवर. झाड भरात आलं की फांद्या जमिनीला टेकतात. तिथे मोठा ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात, वरवरच्या मुळ्या तुटतात, चाकाखाली माती दबून घट्ट होते. बागेत छोटंच यंत्र लागतं. आणि छोटं, कर्ज फिटलेलं यंत्र आपल्या दारात आधीच उभं आहे.

इथे आणखी एक गोष्ट नीट बघायला हवी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना सामाजिक न्याय विभागाकडून मिनी ट्रॅक्टर मिळतात. ९ ते १८ एचपीचा ट्रॅक्टर, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान. योजना २०१२ पासूनची. म्हणजे सुरुवातीचे ट्रॅक्टर आता मोठ्या दुरुस्तीच्या वयाला आलेत. ज्या गटाने पोटाला चिमटा काढून आपला दहा टक्के हिस्सा भरला, त्याचा ट्रॅक्टर एका ऑइल सीलपायी उभा राहिला तर ते सगळ्या गावाला लागलं पाहिजे. यंत्र देणारी योजना आहे. ते चालू ठेवणारे हात आपण द्यायचे.

आता हे ट्रॅक्टर मरतात कशाने, ते बघू. वयाने क्वचित. बहुतेक वेळा आपल्याच हातून.

पहिलं कारण पाणी. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. तेच रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की आत क्षाराचा थर धरतो, पाणी फिरत नाही, एप्रिलच्या उन्हात इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट जातं. पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी गाळून दोन कॅन भरून ठेवा, त्यात कूलंट घाला. एवढ्यावर हजारोंचं काम वाचतं.

दुसरं, आटे. बी-२७५ चा मूळ आराखडा इंग्लंडातला, त्याचे कितीतरी बोल्ट इंची मापाचे. रानात घाई असते, हाताशी मेट्रिक बोल्ट असतो, तो पाना लावून जबरदस्तीने बसवला जातो. त्या दिवशी भागतं. पण हाउसिंगचे आटे कायमचे जातात, तेल गळायला लागतं आणि पुढचा मिस्त्री म्हणतो, "याच्यात काही राम नाही." दहा-वीस इंची बोल्ट एका बरणीत घालून शेडमध्ये ठेवले असते तर ही वेळ आली नसती.

तिसरं कारण अवजारांचं, आणि अवजारांकडे आपण ट्रॅक्टरइतकंही बघत नाही. ट्रॅक्टरवरून रोटा फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टवरचा शिअर बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. रोट्यात दगड अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. दोनदा तुटला की आपण वैतागून कडक बोल्ट घालतो. मग बोल्ट तुटत नाही, गिअर तुटतात. पात्यांचंही तसंच. डावी आणि उजवी पाती वेगळी, ती ठरलेल्या वळशाने बसवायची. कशीही कसली की रोटा थरथरतो आणि बेअरिंग खातो.

आणि शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर! ते तुटलं की आपण तसंच काम रेटतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, उपरणं, ढिली बाही अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. जुनं यंत्र जपायचं म्हणजे त्याच्याजवळ काम करणारा माणूस आधी जपायचा. कव्हर नसेल तर शाफ्ट जोडू नका.

या यंत्रांचा मोठा गुण असा की ती उघडता येतात. डिझेल पंप यांत्रिक, सेन्सर नाहीत, लायनर बदलता येतो, क्रँक घासता येते. काळा धूर येतो, हे खरं आहे आणि ते चालवून घ्यायचं नाही. पण बहुतेकदा त्या धुरामागे खराब नोझल, चुकलेलं टायमिंग किंवा धुळीने तुंबलेला एअर क्लीनर असतो, आणि तिन्हींवर इलाज आहे. अवजार जोडण्याची पद्धतही बरीच सारखी. हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन हातांची जोडणी १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि जगभर पसरली. छोट्या वर्गाच्या बहुतेक ट्रॅक्टरांना खालच्या हातांची पिन २२ मिलिमीटर, वरच्या हाताची १९. म्हणून वडिलांच्या काळातला कल्टिव्हेटर आजच्या ट्रॅक्टरलाही चालतो. तो भंगारात घालणं म्हणजे चांगलं लोखंड फुकट घालवणं.

राहिला पार्टचा प्रश्न. आणि इथे आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराकडे बघून छाती भरून येते. रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, एवढ्या औद्योगिक वसाहती आपल्याकडे. ग्रीव्ह्जची छोटी डिझेल इंजिनं इथेच बनत आली. गाड्यांचे सुटे भाग तयार करणारी लहान-मोठी वर्कशॉप गल्लोगल्ली. मायक्रॉनच्या मापात काम करणारा टर्नर ज्या शहरात राहतो, तिथून वीस किलोमीटरवरचा ट्रॅक्टर एका बुशसाठी भंगारात जावा? आपल्या लघुउद्योजकांची संघटना मसिआ. तिच्या नावातच लघुउद्योगाबरोबर शेती आहे. उद्योजक मित्रांनो, महिन्यातून एक शनिवार लेथचे दोन तास या कामाला द्या. बुश, पिन, स्पेसर, शाफ्टचे तुकडे. एकदा मोजमाप घेऊन कागदावर चित्र काढलं की पुढच्या शेतकऱ्याला तेच उपयोगी पडेल.

मिस्त्रींचं तर काय सांगावं! हेडला लोखंडी पान्याचं टोक लावून, दुसरं टोक कानाशी धरून कोणता टॅपेट वाजतोय हे सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांचं वय झालंय. त्यांची मुलं कंपनीत गेली, त्यात वाईट काहीच नाही. पण ती विद्या लिहिलेली नाही. आयटीआयमधल्या फिटर, टर्नर, डिझेल मेकॅनिकच्या पोरा-पोरींना अशा मिस्त्रींच्या हाताखाली आठवडाभर बसवता येईल. पैठण रोडवरच्या आणि गांधेलीच्या कृषी विज्ञान केंद्रांना, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आपण मिळून विनंती करू की मृगाआधी गावोगावी एकेक दुरुस्ती शिबिर घ्या. मागितलं तर नाही म्हणणारी ही माणसं नाहीत. आपण मागत नाही, एवढंच.

कायद्याची भीतीही उगाच पसरली आहे. इतकी वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात घालावाच लागतो, असं पारावर बोललं जातं. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहनात मोडतो. त्याची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. कागद वेळेवर करून घ्या आणि निर्धास्त राहा.

गावात एक सामाईक पेटी करू या: पुलर, टॉर्क पाना, फीलर गेज, ग्रीस गन. एकट्याला हा खर्च जड, दहा घरांत काहीच नाही. ज्याचा ट्रॅक्टर खरंच संपलाय त्याने तो अख्खा विकू नये. त्याचा गिअरबॉक्स, लिफ्ट, रिम यांवर शिवारातले दुसरे दोन ट्रॅक्टर उभे राहतील. जुनी पार्टबुकं आणि मॅन्युअलं माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खणात पडलेली असतात. ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी पानन् पान मोबाइलमध्ये उतरवा, तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. घरातली शाळकरी मुलगी हे काम एका दुपारी करेल.

आपल्या शहराला यंत्र जपणं नवं नाही. पाहुणा आला की आपण त्याला हौसेनं पाणचक्की दाखवायला नेतोच. आणि खंडेनवमीला आपण वाळूजच्या मशिनपासून रानातल्या खुरप्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावतो. येत्या खंडेनवमीला हार घालण्याआधी एवढं करा: इंजिन ऑइल बदला, एअर क्लीनरची वाटी धुऊन नवं तेल भरा, प्रत्येक निप्पलला ग्रीस जाईपर्यंत गन मारा, रोट्याची पाती मोजा, फणांचे बोल्ट आवळा. बंद ट्रॅक्टर असेल तर आधी हाताने इंजिन फिरतंय का ते बघा. फिरलं, तर निम्मी लढाई जिंकली. नाही फिरलं, तर जबरदस्ती करू नका. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, पुन्हा बघा.

आणि त्याही आधी, आज संध्याकाळीच, ट्रॅक्टरवरची पाटी पुसा. मॉडेल, इंजिन नंबर, चेसिस नंबर वहीत लिहा, काय बिघडलंय ते खाली लिहा, आणि ते पान शेजारच्या दोन ट्रॅक्टरवाल्यांना दाखवा. तुम्हाला हवा असलेला पार्ट कदाचित त्यांच्याच गोठ्यात पडलेला असेल.